तुघलक आणि शोकांतिकेचा हक्क

गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ ही शोकांतिका आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता प्राध्यापकांचा आहे. परीक्षेत दहा गुणांसाठी विचारावा आणि उत्तरपत्रिकेत अॅरिस्टॉटलचे नाव दोनदा घालून सोडवावा, अशा जातीचा. आम्हाला तो तेवढाच वाटत नाही. शोकांतिका ही नुसती वर्गवारी नव्हे, तो एक दर्जा आहे. ज्या माणसाच्या पडण्याकडे आपण थांबून पाहतो, ज्याच्या चुकीत आपल्याला आपली चूक दिसते, त्यालाच हा दर्जा मिळतो. बाकीच्यांसाठी खलनायक, विदूषक आणि वेडा ही तीन खाती उघडी असतातच. मराठीत सुलतान महंमद बिन तुघलक कित्येक पिढ्यांपासून तिसऱ्या खात्यावर जमा आहे. नगरपालिकेने चुकीच्या रस्त्यावर एकेरी वाहतूक केली तरी वर्तमानपत्राला ‘तुघलकी फर्मान’ आठवते. शाळेत तर मुले त्याला ‘वेडा महंमद’ म्हणूनच ओळखत आली. कोणत्या नावामागे आपण कोणते विशेषण लावतो आहोत, याचा विचार करण्याची गरज कोणाला भासली नाही. वर्गातल्या मुसलमान मुलाने ते कसे ऐकले असेल, हा प्रश्न तर फारच दूरचा.

तेव्हा या नाटकाला शोकांतिका म्हणायचे नाही असे जेव्हा कोणी ठासून सांगतो, तेव्हा आम्ही कान टवकारतो. आक्षेप सौंदर्यशास्त्राचा आहे की जुन्या सवयीचा, हे तपासावे लागते.

नाटकाचा तपशील थोडक्यात. १९३८ साली माथेरानला जन्मलेल्या कार्नाडांनी ऑक्सफर्डहून परतल्यावर ते कन्नडमध्ये लिहिले; १९६४ साली ते प्रसिद्ध झाले. मराठीत ते विजय तेंडुलकरांनी आणले. १९७१ साली ‘आविष्कार’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले, आणि सुलतान उभा केला अरुण सरनाईक यांनी. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७० साली, शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले होते. गणपतराव बेलवलकर ना राजा, ना सरदार. निवृत्त नट आणि मुलांच्या दारात उभा असलेला बाप. तरीही ‘नटसम्राट’ला शोकांतिका म्हणताना मराठी समीक्षेने फारशी खळखळ केली नाही, आणि ते योग्यच झाले. ‘तुघलक’ समोर आले की मात्र नियमांचे पुस्तक उघडते.

काय म्हणतात हे नियम? नायक भला असावा. हा तर खुनी आहे. असेल. मॅकबेथने घरी पाहुणा आलेल्या राजाला झोपेत मारले, मित्राला मारले, मॅकडफची लेकरे मारविली. त्याची शोकांतिका कोणी काढून घेतलेली नाही. अॅरिस्टॉटलनेही निष्कलंक माणूस मागितलेला नाही. पूर्ण सज्जन पडला तर तो नुसता धक्का, पूर्ण दुर्जन पडला तर नुसते समाधान. मधला कोणी मोठ्या चुकीने पडतो तेव्हाच भय आणि करुणा, असे त्याचे म्हणणे आहे. कार्नाडांचा सुलतान नेमका हा मधला माणूस आहे. तो जिझिया उठवतो. स्वतःवर झालेल्या दाव्यात काझीसमोर हरतो आणि निकाल मान्य करतो. बुद्धिबळातली जुनी कोडी सोडवत रात्री जागतो, सादीच्या कवितेवरून गुलाबांची बाग आखतो. आणि बाप व भाऊ यांच्या मृत्यूचा आरोपही डोक्यावर वागवतो. इतिहासात १३२५ साली अफगाणपूरचा मंडप कोसळून गियासुद्दीन मेला, तो अपघात की कट यावर बखरकारांचे एकमत नाही. बरनी वीज पडल्याचे सांगतो, इब्न बतूता कटाचे. कार्नाड मात्र पळवाट ठेवत नाहीत. नाटकातला सुलतान सावत्र आईसमोर खून कबूल करतो आणि ध्येयासाठी केला असे म्हणतो. खुनासाठी ध्येयाचे कारण देणारा माणूस आपल्याला अनोळखी आहे काय? विसाव्या शतकाने असे किती पाहिले!

दुसरा आक्षेप अजीजबद्दलचा. अजीज धोबी, भामटा, नकली ब्राह्मण, नकली शहजादा. त्याच्या आणि आजमच्या प्रवेशांनी नाटक तमाशाच्या अंगाने जाते, गांभीर्य विटते, असे सांगितले जाते. ‘हॅम्लेट’मधले थडगे खोदणारे आणि ‘लियर’मधला विदूषक यांची नावे घेऊन हा आक्षेप सहज उडवता येईल. पण तेवढ्यावर भागवले तर अजीजवर अन्याय होईल, कारण तो करमणुकीपुरता आलेला नाही. आमच्या मते नाटकाचा कणाच तो आहे.

पहिल्या प्रवेशात विष्णुप्रसाद नावाचा ब्राह्मण सुलतानाविरुद्ध दावा जिंकतो. बळकावलेली जमीन परत, वर पाचशे दिनार आणि सरकारी नोकरी. न्यायाचा डंका वाजतो. हा विष्णुप्रसाद म्हणजेच अजीज. म्हणजे सुलतानाने न्यायासाठी जे दार उघडले त्याच दारातून पहिला माणूस आत येतो तो चोर. तीच सरकारी नोकरी करीत हा अजीज दौलताबादच्या वाटेवर उभा आहे. एक बाई आजारी लेकराला हकिमाकडे न्यायची परवानगी मागते आणि हा पैसे मागतो. सुलतान तांब्याची नाणी काढतो. खोटी नाणी पाडणाऱ्यांत हा आहेच. सुलतान खलिफाच्या घराण्यातल्या गियासुद्दीन अब्बासीला निमंत्रण धाडतो, हा त्याला वाटेत मारून त्याचे कपडे चढवतो आणि सुलतानाचे स्वागत स्वीकारतो. प्रत्येक फर्मानाला एक अजीज फुटतो. कृतीतूनच कृतीच्या उलट फळ निघणे, यालाच तर अॅरिस्टॉटल उलटापालट म्हणतो आणि उत्तम शोकांतिकेचे लक्षण मानतो. इथे ती एकदा घडत नाही, प्रत्येक फर्मानागणिक घडते. गुलाबांच्या बागेत खोट्या नाण्यांचे ढीग ओतायची आज्ञा सुलतानच देतो. एवढे बांधेसूद कथानक हातात असताना ते ‘विस्कळित’ वाटणाऱ्यांनी नाटक पाहिले की नुसता सारांश वाचला, असा आम्हाला संशय येतो.

नेहरूंचे रूपक हा आणखी एक सोपा मार्ग. नाटकातल्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत साम्य आहे हे स्वतः कार्नाडांनीच सांगितले होते, तेव्हा ते नाकारण्याचा प्रश्न नाही. पण रूपक म्हटले की काम संपते असे समजणारे वाचक आळशी असतात. रूपक गळून पडल्यावरही नाटक उरते. आजच्या तरुण प्रेक्षकाला नेहरू आठवत नाहीत, आणि सुलतान आठवतो.

आता जरा वजनदार प्रतिपक्ष. जॉर्ज स्टायनर यांनी १९६१ साली शोकांतिकेच्या मृत्यूवर ग्रंथच लिहिला. राजा, दैव आणि प्रेक्षक यांना बांधणारी सामायिक श्रद्धा सतराव्या शतकानंतर मोडली आणि तिच्याबरोबर शोकांतिकाही गेली, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. त्याआधी १९४९ साली आर्थर मिलर यांनी ‘डेथ ऑफ अ सेल्समन’च्या पाठोपाठ लेख लिहून सामान्य माणसालाही शोकांतिकेचा नायक होता येते असा दावा केला होता. विली लोमन हा फिरता विक्रेता. कर्जाचे हप्ते आणि मुलाचे अपयश यांत चिरडलेला. पश्चिमेतला वाद तेव्हापासून या दोन टोकांत हेलकावे खातो. एकाला राजा हवा, दुसऱ्याला सामान्य माणूस.

‘तुघलक’ या पेचात सापडतच नाही, आणि आमच्या मते हीच त्याची खरी थोरवी. तो आधुनिक आहे. शंका, कारस्थान, राज्ययंत्र, जाहीरनामा हे सगळे आजचे. पण नायक राजा आहे, दरबार आहे, आणि ज्या सामायिक श्रद्धेचा शोक स्टायनर करतात ती इथे रंगमंचावर पाच वेळच्या अजानच्या रूपाने हजर आहे. सुलतान सगळ्यांना नमाज सक्तीची करतो. मग अमीर त्याच नमाजच्या वेळी त्याला मारण्याचा कट करतात. कट फुटतो, आणि तो राज्यातली नमाजच बंद करतो. अब्बासी येईपर्यंत पाच वर्षे बंद. बंदी घालणारा हाच माणूस सावत्र आईला दगडांनी मारण्याची शिक्षा देऊन झाल्यावर एकटाच गुडघ्यांवर येऊन अल्लाहची मदत मागतो.

इंग्रजीतल्या समीक्षकांना नमाज हे ‘प्रतीक’ दिसते. नाटकात वारंवार येणारा धागा, असे लिहून ते पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. आमच्या वाचकांना ते प्रतीक नाही. एक नमाज चुकली तर कजा अदा करण्याची रुखरुख आमच्या घरांत म्हाताऱ्यांना मरेपर्यंत असते. पाच वर्षे अख्ख्या मुलखात अजान नाही, याचा अर्थ आमच्या आजीला समजावून सांगावा लागणार नाही. हे नाटक पुरते कळण्यासाठी जो प्रेक्षक लागतो तो आपल्यातच बसलेला आहे, आणि त्यालाच आजवर कोणी विचारलेले नाही.

आपल्यातल्याच काहींना मात्र हे नाटक नको आहे. आम्ही त्यांनाही टाळणार नाही. मुसलमान सुलतान बापाचा खुनी दाखवला, नमाजच्या वेळी खंजीर दाखवले, आधीच बदनामी थोडी आहे का, असा त्यांचा सूर असतो. त्यामागची जखम खरी आहे. ऐतिहासिक नाटकांत गडगडाटी हसणारा सुलतान पाहतच आपल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. पण त्यावर उपाय म्हणून निष्कलंक सुलतान मागायचा असेल तर आपण प्रमाणपत्रांच्या रांगेत उभे राहतो. अकबर चांगला, अमुक वाईट, असे शिक्के मारणारे दुसरेच कोणी असते आणि आपण शिक्क्याचा रंग बदलून मागत राहतो. निष्कलंक माणसाचा मर्सिया होतो. शोकांतिका होत नाही.

याच संदर्भात दुसरे मत ऐकू येते, की ज्याचा अल्लाहच्या न्यायावर आणि रहमतीवर विश्वास आहे त्याच्या विश्वात शोकांतिकेला जागाच नाही. शेवटचा निकाल इथे लागतच नाही. हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. स्टायनरही ख्रिस्ती उद्धाराबद्दल साधारण असेच म्हणतात. आणि इतिहासात याचा एक गंमतीदार पुरावाही आहे. अबू बिश्र मत्ता याने दहाव्या शतकात अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र सिरियाकमधून अरबीत आणले. बाराव्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न रुश्दने त्यावर भाष्य लिहिले, तेव्हा शोकांतिकेसाठी शब्द होता ‘मदीह’, म्हणजे स्तुती, आणि सुखात्मिकेसाठी ‘हिजा’, म्हणजे निंदा. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण ग्रीक रंगभूमी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. बोर्हेसने १९४७ साली यावर एक सुंदर कथा लिहिली आहे. ती वाचून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की मुसलमानी मनाला शोकांतिका परकीच.

निष्कर्ष घाईचा आहे. शब्द नव्हता, अनुभव होता. करबला काय होती? इराणमध्ये ताजियाचे रीतसर नाट्य उभे राहिले, २०१० साली युनेस्कोने ते मानवी वारशाच्या यादीत घेतले. इकडे लखनौत मीर अनीसने मर्सियाला महाकाव्याची उंची दिली. हुसैन जन्नतीत आहेत हे पक्के ठाऊक असलेला श्रोता तरीही ऊर बडवतो. निकाल वर लागणार म्हणून खालचे दुःख कमी होत नाही. मात्र हेही सांगितले पाहिजे, की इमाम हुसैन हे काटेकोर अर्थाने शोकांतिकेचे नायक नव्हेत. ते शहीद आहेत. शोकांतिकेच्या जवळ जायचे तर हुर्रकडे पाहावे. त्यानेच आधी काफिल्याची वाट अडवली आणि शेवटच्या सकाळी फौज ओलांडून हुसैनकडे आला. किंवा रयच्या सुभेदारीच्या मोहात पडलेल्या उमर बिन सादकडे. मोहर्रमच्या मजलिसीत ही दोन नावे आली की जी शांतता पसरते ती आम्ही कोणत्याही नाट्यगृहात भोगलेल्या शांततेपेक्षा हलकी मानत नाही.

खरे तर ‘शोकांतिका कोणाची?’ या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर ग्रीकांनीच देऊन ठेवले आहे आणि ते आजच्या नियमवाल्यांना फारच अडचणीचे आहे. ग्रीक शोकांतिकांपैकी आज हाती असलेली सर्वांत जुनी म्हणजे एस्किलसची ‘पर्शियन्स’, ख्रिस्तपूर्व ४७२ सालची. आठच वर्षांपूर्वी इराणच्या क्षयार्षाने, ज्याला ग्रीक झर्क्सिस म्हणत, अथेन्स जाळले होते आणि सलामीसच्या समुद्रात मार खाल्ला होता. एस्किलस स्वतः मॅरॅथॉनच्या रणात इराण्यांशी लढलेला. त्याच अथेन्समध्ये, जळलेल्या गावातल्या प्रेक्षकांसमोर, त्याने नाटक मांडले ते शत्रूच्या राजवाड्यात घडणारे. रंगमंचावर एकही ग्रीक पात्र नाही. राजाची आई वाट पाहते आहे, बापाचे भूत कबरीतून उठून मुलाच्या उद्दामपणाला दोष देते आहे, आणि शेवटी फाटक्या कपड्यांनी, जिवंत, एकटा झर्क्सिस परत येतो. काही विद्वान त्यात विजयाचा कैफ पाहतात. असेलही थोडा. पण शत्रूच्या आईच्या तोंडून शत्रूचे दुःख बोलवून घ्यायचे, आणि त्या नाटकाला पहिले पारितोषिक द्यायचे, हे अथेन्सने केले.

आता हे शेजारी ठेवून पाहावे. राजाच्या उद्दामपणाने समुद्रावर पूल बांधला; आपल्या सुलतानाने राजधानी उचलली. तिथे आई, इथे सावत्र आई. तिथेही राजा मरत नाही. ज्या नियमाने झर्क्सिस आत आणि तुघलक बाहेर, तो नियम कोणता, एवढेच आम्हाला सांगावे. शत्रूला हा मान देणे अडीच हजार वर्षांपूर्वी जमले. आमचा सुलतान तर शत्रूही नव्हे. त्याच्या त्याच फर्मानाने दिल्लीची माणसे इकडे आली. बुऱ्हानुद्दीन गरीब आले, १३३७ साली इथेच वारले, खुलताबादला त्यांचा दर्गा आहे, कवी अमीर हसन सिजझीची कबरही तिथेच. त्या शतकात दिल्लीकडून आलेल्यांच्या तोंडच्या बोलीतून दखनी वाढली. १३४७ साली दौलताबादेत बहमनी राज्याचा मुकुट चढला. वेड्याचा कारभार म्हणून ज्याची टर उडवली जाते त्या वाटेवर मेलेल्यांची हाडे आहेत हे खरेच, आणि त्याच वाटेवर आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज चालत आले हेही खरे. एकाच वेळी दोन्ही खरे असणे, हे सांगायला वर्तमानपत्राचे विशेषण पुरत नाही.

आणि ‘वेडा’ हा शब्द काही बाहेरून येऊन त्याला चिकटलेला नाही. नाटकात तो सुलतानाच्या कानावर आलेला आहे. लोक आपल्याला वेडा महंमद म्हणतात हे ठाऊक असून तो बरनीला विचारतो की आता पुन्हा शहाणे व्हायचे ते कसे. स्वतःची ओळख पटण्याचा जो क्षण शोकांतिकेत हवा असतो तो याहून वेगळा काय असतो? ओळखीची दुसरी पायरी शेवटच्या प्रवेशात आहे. अजीज पकडला गेला आहे, सगळे खून कबूल करतो आहे, आणि सुलतान त्याचा शिरच्छेद करीत नाही. दख्खनेत अंमलदार नेमतो. बरनी हादरतो. प्रेक्षकही. पण सुलतानाला समोर आपलाच सर्वांत कुशल शिष्य दिसतो आहे, त्याला कोणत्या तोंडाने शिक्षा देणार? बरनीला आईच्या मृत्यूचे निमित्त मिळते आणि तो निघून जातो. नजीब केव्हाच विषाने मेला, सावत्र आई दगडांखाली गेली. बोलायला कोणी नाही.

शेवटी नायक मरत नाही म्हणून ज्यांना हे नाटक अपुरे वाटते, त्यांनी सोफोक्लिसचा इडिपसही मरत नाही हे आठवावे. डोळे फोडून घेऊन तो जगतो. इतिहासातला महंमद तुघलक १३५१ साली सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ तापाने वारला. कार्नाडांना त्याचे मरण सहज मिळण्यासारखे होते, त्यांनी घेतले नाही. त्यांनी सुलतानाला सिंहासनावर झोपवले. कित्येक रात्री डोळ्याला डोळा न लागलेला माणूस नेमका आता झोपला, आणि पाच वर्षांनी बंदी उठून अजान सुरू झाली. झोपेपेक्षा नमाज बरी, असे फजरची अजान सांगते. ती ज्याच्या कानात लहानपणापासून आहे त्याला इथे वेगळे काही समजावे लागत नाही. अजान चालू असते, सुलतान झोपलेला असतो. ती संपते तेव्हा तो दचकून जागा होतो आणि आपण कुठे आहोत हे न कळल्यासारखा सभोवार पाहत राहतो. नाटक तिथे थांबते. पुढची एकोणीस वर्षे राज्य करायचे बाकी आहे.